तोंड लावू नका

सौंसरच्या रस्त्यावरची जुनी कापडाची मिल पुन्हा सुरू झाली, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. आता मिल कुठली सुरू होते बाप्पा! आतले माग भंगारात जाऊन जमाना झाला. नागपूरच्या लोकांनी नुसती इमारत घेतली. दगडी भिंती घासून धुतल्या, चिमणी होती तशीच ठेवली. कापसाच्या गोदामात दुकानं काढली, बॉयलर होता तिथं लग्नाचा हॉल केला. आता पांढुर्ण्याचेसुद्धा लोक लग्नाचा बस्ता बांधायला नागपूरपर्यंत जात नाहीत, इथंच थांबतात. जागा बरी केली, नाव ठेवायला जागा नाही. उन्हाळ्यातही आत थंड वाटते.

सर्वांत लांब जी शेड आहे, तिथं शिलाईचा कारखाना बसवला. ती शेड म्हणजे जुनं मागखातं. कापड तिथं विणलं जायचं.

माझे बाबा याच मिलमध्ये होते, पण सूतकताईत. मागखात्यात पगार जास्त, तरी आमच्या समाजाच्या माणसाला तिथं घेत नव्हते. त्याचं कारण असं, की मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं की सुताची नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. एकच धोटा दहा जणांच्या ओठाला लागायचा. मग आमचं तोंड कसं चालेल? बाबा कांड्यांची टोपली डोक्यावर घेऊन जायचे आणि शेडच्या दारात ठेवून परत यायचे. एकदा आत पाय टाकला तर मुकादम म्हणाला, "तिथंच थांब. आतलं काम तोंड लावायचं आहे." बाबा हे घरी सांगायचे तेव्हा आवाज चढवत नव्हते. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं सांगायचे.

आता माझ्या सुनेचं ऐका. संत्र्याचा हंगाम असला की ती संत्री निवडायला जाते, नसला की कापूस वेचायला. शिवणकाम तिनं घरच्या मशीनवर शिकून घेतलं होतं. कारखान्यात बाया पाहिजेत असं कळलं तशी म्हणाली, "आई, मले सावलीतलं काम पाहिजे. ऊन खाऊन खाऊन डोकं पिकलं माझं." एवढंच तिचं मागणं होतं. मी म्हटलं, जा.

पहिल्या दिवशी ट्रायल होती. शर्टाची कॉलर शिवून दाखवायची. संध्याकाळी ती आली ती चप्पल काढून सरळ ओट्यावर बसली. मी मेथी निवडून राहिली होती.

"काय झालं?"

"कॉलर तर सरळ आली. पण शेवटी सवयीनं खाली वाकली आन् धागा दातानं तोडला. तशी सुपरवायझर बाई आली अन् म्हणे, ताई, तोंड लावू नका."

माझा हात थांबला. "काय म्हणे?"

"तोंड लावू नका म्हणे. माल बाहेरदेशी जाते, थुंकीचा डाग दिसला की गठ्ठाच्या गठ्ठा वापस येते. सोमवारी पुन्हा या म्हणे, पण पुन्हा तोंड लावलं तर काम भेटणार नाही."

"तुलेच बोलली का सगळ्याइले?"

"सगळ्याइले! बाजूले पाटलाची सून होती, तिलेही बोलली. ती तर माझ्याहून जास्त चावते, उंदरासारखी. काऊन, तुम्ही काऊन विचारून राहिल्या?"

मी तिला बाबांचं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ते तसं होतं, आई. हे थुंकीचं आहे." मी म्हटलं, हाव, हे थुंकीचं आहे. आणि मेथी निवडायला घेतली.

पण सवय मोठी वाईट. आमच्या घरात कोणीच धागा कैचीनं कापत नाही. कैची शोधेपर्यंत दात जवळ असतात. रविवारी तिनं कैचीला नाडा बांधून गळ्यात घातली आणि उशांच्या खोळी शिवायला बसली. मला समोर बसवलं, तोंडावर नजर ठेवायला.

"वाकली! वाकली तू."

"मान दुखून राहिली म्हणून वाकली. तुम्ही तर मुकादमाच्या वर झाल्या!"

घरभर हसू झालं. खोळी मात्र गरजेपेक्षा जास्त झाल्या.

सोमवारी मी तिच्यासोबत गेली. दुकानांसमोर बाक टाकले आहेत, तिथं बसली. शेडचं दार तिथून दिसते. दार जुनंच आहे, फक्त पॉलिश केलं आहे. दुपारच्या सुटीत बायांचा घोळका बाहेर आला. सून दिसली तर तिच्या गळ्यात घरची कैची नव्हती, कारखान्याची छोटी धागा कापायची कैची होती. मग काम भेटलं का, हे विचारायचं राहिलंच नाही.

"कुठं बसवलं?"

"आत. दारापासून दूर, पंख्याखाली." डब्यातली पोळी तोडत तिनं सांगितलं.

"अन् पाटलाची सून?"

"तिनं आजही चावला. काम नाही भेटलं, पुढच्या सोमवारी अजून एकदा या म्हणे तिले."

मला वाटलं, तिलाही सावलीच पाहिजे असेल. घरी आल्यावर सुनेला म्हटलं, उद्या तिले आपली नाड्याची कैची नेऊन दे, आपल्याकडे कोणी वापरत नाही.