एकाग्रतेनं लिहिलेलं मानपत्र

मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचं मानपत्र मी लिहावं असं मीटिंगमध्ये निघालं तेव्हा मी इतक्या पटकन हो म्हटलं, की शेजारच्या बाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं असणार, ही सगळं विसरली. मी काहीही विसरले नव्हते. सोलापूरजवळ कुंभारीकडच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. तिथली सोळा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली, आणि दरवर्षी माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी एकच वाक्य लिहिलं: 'कामात एकाग्रता नाही.' त्या वाक्यापायी पर्यवेक्षकपद दोनदा माझ्या समोरून गेलं, दोन्ही वेळा माझ्यानंतर लागलेल्यांकडे.

एकाग्रता कुठून असणार? घरी सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. एकदा घरून फोन आला म्हणून मी शाळा सुटायच्या आधी सोडा म्हणून विनवलं, तर सर अख्ख्या शिक्षकखोलीसमोर म्हणाले, "बाई, तुमचं शरीर शाळेत आणि जीव घरी. मुलांना आम्ही नुसतं शरीर दाखवायचं का?" दोघंतिघं हसले. मी सुट्टीची घंटा होईपर्यंत थांबले. स्कूटी दामटत घरी पोचले तेव्हा सासूबाईंना जाऊन अर्धा तास झाला होता. तो अर्धा तास मला सरांकडून वसूल करायचा होता.

आमच्याकडे मानपत्र कुणी लिहीत नाही. कपाटात एक जुना कागद आहे, त्यातलं नाव आणि विषय बदलतात. ज्ञानयज्ञ, ऋषितुल्य, चंदनासारखे झिजले, सगळं तयार असतं. मग ते छापून, चौकटीत घालून स्टेजवर वाचायचं, आणि पुढं ते त्या माणसाच्या बैठकीच्या खोलीत जन्मभर टांगलेलं राहतं. मजकूर सगळ्यांना पाठ, त्यामुळं आधी कुणी तपासतही नाही. मला नेमकं हेच हवं होतं. जुन्या कागदाला मी हातसुद्धा लावला नाही.

पुण्याला कॉम्प्युटरमध्ये असलेली माझी भाची सुट्टीला आली होती. तिनं माझ्या लॅपटॉपवर लक्ष विचलित होऊ न देणारं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते उघडलं की पूर्ण पडदा कोरा होतो. घड्याळ नाही, मेनू नाही, नेट बंद. आपण लिहितो ते एकच वाक्य काळं, त्याच्या वरचं सगळं फिकट, जवळजवळ दिसत नाही असं. खोडायची सोय नाही. वेळ लावून दिली की तेवढा वेळ बाहेरही पडता येत नाही. भाची म्हणाली, "मावशी, मोठे मोठे लेखक हेच वापरतात." मी म्हटलं, "मला मोठं नाही व्हायचं गं. एका माणसाला लहान करायचंय."

त्याचे फायदे मी नाकारणार नाही. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या निम्म्या मराठीखाली लाल नागमोड्या रेषा येतात, आणि सोळा वर्षं शेरे खाल्लेल्या बाईला तो रंग सोसत नाही. इथं शेरा मारणारं कुणी नव्हतं. शाळेच्या ग्रुपवरचे सुविचार नव्हते. शेजारच्या घरातल्या मागाची खटखटसुद्धा दुसऱ्या रविवारी ऐकू येईनाशी झाली. त्यात पावसाचा आवाज लावायचीही सोय होती. एप्रिलच्या सोलापुरात, पंखा गरम वारा फेकत असताना, कानात पाऊस लावून मी माझा राग लिहीत होते. इतकं सुख मला लिहिण्यात आधी कधी मिळालं नव्हतं.

तोटेही होते. पहिल्याच रविवारी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा कोळसा झाला. आणखी एक गोष्ट तेव्हा नीट कळली नव्हती, ती आता लिहिते. आयुष्यभर मला जे काही बरं सुचलं ते मेथी निवडताना, दळण आणताना, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या गप्पा ऐकताना सुचलं. मधेच कुणी हाक मारायचं, मन दुसरीकडे जायचं, आणि परत येताना काहीतरी घेऊन यायचं. या कोऱ्या पडद्यासमोर मन कुठं जाईना. तिथं फक्त सर होते. एवढं टक लावून मी नवऱ्याकडेही कधी पाहिलं नसेल.

तीन रविवार मी दार लावून बसले. पहिल्या रविवारी नुसत्या शिव्या निघाल्या. दुसऱ्या रविवारी त्या थंड झाल्या. तिसऱ्या रविवारी मानपत्र झालं. त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. 'सर खोलीत आले की तिथं आपोआप शांतता होत असे.' 'प्रत्येक सहकाऱ्याची उणीव त्यांना तोंडपाठ होती, आणि ती चारचौघांत सांगण्याचा मोकळेपणा त्यांनी अखेरपर्यंत जपला.' 'कुणाच्या घरी कितीही आजारपण असो, सरांनी घंटेच्या आधी कुणालाही सोडलं नाही.' हे शेवटचं लिहिताना मला फार बरं वाटत होतं.

समारंभात मीच वाचलं. आधी कुणाचं लक्ष नव्हतं, मग दुसऱ्या ओळीतून खुसखुस ऐकू आली, आणि घंटेच्या वाक्याला सगळा स्टाफ माना खाली घालून खांदे हलवायला लागला. त्या दिवशी मला हसलेलेही त्यातच होते. मी प्रत्येक शब्द सावकाश, पाठ वाचून दाखवावा तसा वाचला. मग सरांकडे पाहिलं. ते डोळे पुसत होते. चौकट हातात घेताना म्हणाले, "बाई, माझी शिस्त तुम्ही बरोबर ओळखली. अखेर एकाग्रता आली म्हणायची तुम्हाला." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो झटकून टाकावा असं वाटलं. माझा सगळा दारूगोळा त्यांनी गुलाबाच्या हारासारखा गळ्यात घालून घेतला होता.

मंडळी जेवायला गेली. स्टेजवर सरांच्या पत्नी एकट्याच बसल्या होत्या. ओटीतला नारळ शेजारच्या खुर्चीवर आणि मांडीवर ती चौकट. एकेका ओळीवरून बोट फिरवत त्या वाचत होत्या.

या बाईंबद्दल मी इथं अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. त्या मैंदर्गीच्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या सासूबाईंचं मराठी गेलं होतं, राहिलं फक्त माहेरचं कन्नड, आणि मला त्यातला 'नीरु', म्हणजे पाणी, एवढा सोडला तर एक शब्द कळत नसे. या बाई दर गुरुवारी बस पकडून आमच्या घरी यायच्या, कॉटवर बसून सासूबाईंशी कन्नड बोलायच्या, आणि मग मला सांगायच्या, पाठ दुखतीय म्हनतात, लेकीला बलवा म्हनतात, तुमी जेवलात का इचारतात. सासूबाई माझी चौकशी करत होत्या हे मला त्यांच्यामुळं कळलं. सरांना या फेऱ्यांचा पत्ता नव्हता.

मला पाहून त्यांनी चौकट माझ्याकडे वळवली. "बाई, ह्यात घरच्यांचं कुटं हाय वो?"

जुन्या कागदात शेवटून दुसरं वाक्य पत्नीचं असतं. समर्थ साथ, संसाराचा भार, आणि नाव. नुसती नक्कल केली असती तरी ते आलं असतं.

"मागल्या सरांच्या वेळंला त्यांच्या मंडळींचं नाव वाचलं हुतं की," त्या म्हणाल्या. "समद्यांनी टाळ्या वाजवल्या. तवापासनं मला लई वाटायचं, ह्यांच्या वेळंला माझं बी वाचतील. सकाळधरनं कान तितंच हुता."

"राहून गेलं, वहिनी," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"असू द्या वो. घाईत लिवलं असंल. बायामानसाला घरातलं सोडतंय हुय." त्यांनी पदरानं काचेवरची बोटांची खूण पुसली.

मी हो म्हणाले. घाईतच लिहिलं, म्हणाले. मग ती चौकट त्यांच्या हातातून घेतली आणि रिक्षापर्यंत पोचवली.