हमरस्त्यात ठेवलेली शवपेटी

आयडा परेराला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. चुलीवर कालवण उकळत असलं की ती चूल आणि दार यांच्यामध्ये येरझारा घाली. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की बाकाखाली तिचे पाय हलायला लागत. तिचा नवरा इसिडोर एका कारखान्यात फिटर होता, शांत माणूस. तो म्हणायचा, "हिच्या पायाला भिंगरी लागलीय."

त्यांचं कुंडवाडी हे जुनं गावठाण बोरिवलीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या अंगाला. चर्च, बाजार आणि स्टेशन पश्चिमेला. मधे भातशेती. बांधावरून गप्पा मारत माणसं चर्चला जायची. एकोणीसशे साठनंतर त्याच शेतांतून मोठा हमरस्ता गेला. जमिनी गेल्या, ते गावानं कसंबसं गिळलं. पण ट्रक धावायला लागले तेव्हा गावाला खरी गोष्ट कळली. या रस्त्यावरून अंधेरीला जाता येत होतं, पार गुजरातला जाता येत होतं. फक्त समोर जाता येत नव्हतं.

कृष्णाबाई कोळीण खाडीपलीकडून होडीनं यायची आणि डोक्यावर पाटी घेऊन कुंडवाडीपर्यंत चालायची. एका सकाळी आयडा तिची वाट बघत दारात उभी होती, तेवढ्यात ब्रेकचा कर्कश आवाज आला. आयडा धावत सुटली. डांबरावर बोंबील विखुरले होते, ट्रक निघून गेला होता आणि कृष्णाबाई पाय धरून रस्त्यातच बसली होती.

"माझी पाटी बघ गं बाय," ती म्हणत होती. "पाटी बघ आधी."

गावच्या पोरांनी तिला खाटेवरून दवाखान्यात नेलं. पाय जुळला, पण वाकडा जुळला. त्यानंतर मासळी घेऊन तिची सून कमळ यायला लागली, आणि रस्ता ओलांडायची वेळ आली की कमळ कुणाचा तरी हात घट्ट धरायची.

आयडाची झोप उडाली. रस्त्याच्या कामाचं ऑफिस शोधून ती तिथं जाऊन धडकली. तिथले इंजिनियर विद्याधर साठ्ये यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, आम्ही पलीकडे जायचं कुठून?"

"बाई, हा रस्ता वेगासाठी बांधलाय. जागोजागी गाड्या अडवल्या तर रस्त्याचा उपयोग काय?"

"आणि आमचा?"

साठ्यांनी तिचं म्हणणं कागदावर उतरवून घेतलं. माणूस वाईट नव्हता. वर कळवतो म्हणाले. पण वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही नीट सांगता येईना. मग आयडा गावातल्या बायकांना घेऊन पुन्हा गेली. नगरसेवकाकडे गेली, पोलीस चौकीत गेली. सगळीकडे एकच उत्तर मिळे, "बघू." तो शब्द ऐकला की तिच्या अंगाची आग व्हायची.

इसिडोर वैतागायचा. "अगं, सगळं गाव जातंय ना ओलांडून? तूच का डोकं फोडून घेतेस?"

"कुणीतरी मरायची वाट बघायची काय?" ती म्हणायची.

मग ईस्टरआधीच्या उपासकाळात तिचे सासरे लुईस वारले. वयानं, अंथरुणात, घरच्यांच्या हातात. मला खांद्यावरून न्या, गाडीत घालू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दुपारी मयत निघाली. पुढे क्रूस, मागे फादर, मग शवपेटी. रस्त्याच्या कडेला येऊन सगळे थांबले. गाड्या थांबेनात. फादरनी हात वर केला, तर एका ट्रकवाल्यानं नुसता भोंगा वाजवला. उन्हात पेटी खांद्यावर घेऊन माणसं ताटकळली. शेवटी जरा फट मिळाली आणि कुणीतरी ओरडलं, "चला, चला, पळा!"

पेटी घेऊन माणसं पळायला लागली. इसिडोरचा बूट सटकला, पेटी एका बाजूला कलली आणि आत काहीतरी हललं. तो आवाज आयडानं ऐकला.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

"आयडा, वेडी झालीस काय?" इसिडोर ओरडला.

"ठेवा म्हणते ना! पप्पांना घेऊन चोरासारखं पळायचं नाही."

पेटी भर रस्त्यात टेकली. आयडा शेजारी गुडघ्यांवर बसली आणि मोठ्यानं रोझरीची प्रार्थना म्हणायला लागली. एकेक करत बायका बसल्या. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. शिव्या आल्या, मग पोलीस आले. रोझरी पुरी झाल्यावरच आयडा उठली, आणि पोलिसांनीच गाड्या अडवून मयतीला वाट करून दिली. यावेळी सगळे सावकाश चालले.

दफन आटोपून घरी आल्यावर इसिडोर एकच वाक्य बोलला. "माझ्या बापाच्या मयतीचा तू मोर्चा केलास." मग त्यानं बोलणं टाकलं.

 पेटी कलली तेव्हा आयडाला ती रस्त्यात टेकवायचं सुचलं होतं, की आदल्या दिवसापासूनच मनात कुठंतरी शिजत होतं? ती स्वतःलाच विचारत राहायची, आणि खरं काय ते तिलाही कळत नव्हतं. विहिरीपर्यंत जायची, रिकामी कळशी घेऊन परत यायची.

साठ्ये मयतीच्या दुसऱ्याच दिवशी येऊन जागा बघून गेले होते. पावसाळा सरल्यावर तिथं पांढरे पट्टे आखले गेले आणि सकाळ-संध्याकाळ हवालदार उभा राहू लागला. पुढे दोन वर्षांनी सिग्नल आला. तो कितीदा तरी बंद पडे आणि आयडा तितक्यांदा ऑफिसात जाई. चालणाऱ्यांसाठी ती फूटपाथही मागत होती, तो मात्र स्टेशनकडच्या तुकड्यापुरताच मिळाला.

इसिडोर हळूहळू कामापुरता बोलायला लागला होता. सिग्नल येण्याआधीच्या एका रविवारी दोघं चर्चला निघाली. हवालदार होता, हात वर होता, तरी एक मोटार थेट पट्ट्यांवर घुसली. इसिडोरनं तिच्या बॉनेटवर मूठ आपटली. "डोळे फुटले काय रे? माणसं चाललीत!" त्याला एवढ्या मोठ्यानं ओरडताना आयडानं कधी ऐकलं नव्हतं.

पलीकडे पोचल्यावर तो बराच वेळ रुमालानं हात चोळत राहिला.

"पळायला नको होतं आपण त्या दिवशी," तो म्हणाला. "मीच पहिला पळालो."

"मला तरी दुसरं काय सुचत होतं रे," ती म्हणाली.

चर्चची घंटा वाजायला लागली होती. पण मागून एक म्हातारा पट्ट्यांवर उतरत होता आणि हवालदाराचं लक्ष दुसरीकडे होतं. आयडा परत फिरली. इसिडोर तिच्यासाठी कडेला थांबला.