राणीच्या वाट्याची आई

राणीला दुखणं यायच्या आधी कळायचं. हाडं ठणकायला लागण्यापूर्वीच ती भिंतीला टेकून बसायची आणि शांतपणे म्हणायची, "आये, पावनं आलं." की आई भाकरी तव्यावर तशीच सोडून धावायची. ती करपलेली भाकरी मग माझ्या पानात पडायची.

राणी माझी थोरली बहीण. बेटेगावात आमचं घर, वडील बोईसरला कारखान्यात. तिला जन्मापासून रक्ताचा, सिकलचा आजार. खरं नाव दुसरंच होतं, पण आईनं तिला कधी विहिरीवर धाडलं नाही, लावणीच्या चिखलात उतरू दिलं नाही, म्हणून मी चिडून राणी म्हणू लागले. ते नाव तिनं खुशाल मिरवलं. "राणी म्हनलीस ना, मंग आन पानी," म्हणायची आणि मला पाणी आणावं लागायचं.

पालघरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं होतं. साधी सर्दी शिरली तरी हिच्या अंगात हाकाटी होते. चोर एक आणि धावून येणारे शंभर. त्या गर्दीत विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी अडकतात, रक्ताची वाट तुंबते, हाडं ठणकतात. आईनं त्यातून एकच गोष्ट उचलली. घरात जो शिंकेल, त्याची रवानगी उमरोळीला, आत्याकडं. आणि शिंकायचे मीच. मी पिशवी उचलली की राणी दारातून म्हणायची, "चोर सोडून संन्याशाला फाशी गं बाय!" तिला हसू यायचं, मला नाही.

आत्या दोन्ही वेळा भात-जवळा वाढायची, पण माझा जीव बेटेगावात असायचा. मला राणीचा हेवा वाटायचा. तिच्या जाड गोधडीचा, तिच्यासाठी राखून ठेवलेल्या अंड्याचा, आईचा पदर मुठीत धरून झोपण्याचा. ती कळवळत असायची, तेव्हासुद्धा वाटायचा.

शाळेत रक्त तपासायला आले, तेव्हा मी मनात नवस बोलले, मलाही सिकल निघू दे. तपासणीचा कागद बघून डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "हिच्यात अर्धाच दोष आहे. हिला त्रास व्हायचा नाही." मी रडायला लागले. आईला वाटलं, घाबरले. राणीनं मात्र बरोबर ओळखलं. संध्याकाळी मला जवळ ओढून म्हणाली, "माजं अर्धं दुखनं घेतेस? अर्धी आये देतंय तुला."

मी लगेच हो म्हणाले. तिनं माझ्या दंडाभोवती बोटांचा वेढा घालून पाहिला. मग म्हणाली, "नको. तुला नाय झेपायचं."

पुढच्या थंडीत तिला ताप आला आणि छाती भरली. दवाखान्यात आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी पायाशी उभी. "आये, हिनं काय खाल्लं नाय," एवढंच ती मला बघून म्हणाली. आई काही मांडीवरचं डोकं सोडून उठली नाही. दुसऱ्या दिवशी राणी गेली.

आता आई सगळी माझीच होती. काही दिवसांनी मीच तापानं पडले. आई उशाशी येऊन बसली, कपाळावर हात ठेवला. केवढी आस होती मला त्या हाताची. मी डोळे मिटून गप पडून राहिले, हात निघू नये म्हणून.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "राणीचा ताप असा नसायचा. तिच्या कपाळाचा हाताला चटका बसायचा."

मेलेल्या बहिणीचा त्या दुपारी मला जितका हेवा वाटला, तितका ती असताना कधीच वाटला नव्हता.