वायाळ सरांचा राग

वायाळ सरांना राग आला की ते खडू फळ्याच्या कडेला ठेवायचे, वर्गाबाहेर पडायचे आणि थेट हापशी गाठायचे. तोंडावर चार ओंजळी पाणी मारायचे, परत यायचे आणि अपूर्णांक जिथे सोडले होते तिथून पुढे सुरू. दुसरबीडजवळच्या आमच्या शाळेत पोरांच्या पैजा लागायच्या, आज सर किती वेळा भिजणार म्हणून. मी नवखा होतो तेव्हा त्यांनी माझ्या हातातली छडी हळूच काढून घेतली होती. म्हणाले, "लेकराले काई बी द्या सर, भेव देऊ नका. ते जलमभर पुरते." मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर संत आहे, नाहीतर भित्रा.

पुढे एकदा देऊळगाव राजाच्या स्टँडवर आमची परतीची गाडी चुकली. तिथल्या बाकावर बसून त्यांनी आपलं बालपण सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाचं असावं तसं. वडील बैलाच्या कासऱ्यानं मारायचे, आईला आणि यांनाही. "चपलीच्या आवाजावरून कळे मले, आज मायची पाळी हाये का माही. सात वर्साचा होतो. बाप मेला तवा रडलो नाही. पण एक धाक बसला सर, त्याचा राग माह्यात उतरला. बापाएवढाच हाये. म्हणून तं पाण्याले जातो."

शीतल त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर गेली, सरांनीच तिला वाढवलं. वेणी घातली, डबे केले, तापात रात्री जागवल्या, पण तिला कधी 'नाही' म्हटलं नाही. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "तुह्या मर्जीनं कर." बारावीला नापास झाली तेव्हाही ते बाहेर जाऊन तोंड धुऊन आले आणि तिच्यासाठी शिरा केला. ती मला म्हणाली होती, "काका, बाबाले मी दिसते तरी का?" मी हसण्यावारी नेलं. माझं चुकलंच.

कॉलेजात तिनं एक मुलगा पसंत केला. तो घरी आला त्या दिवशी सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. मुलगा दिसायला देखणा, बोलायला गोड. निघताना त्याच्या बुटाजवळ कुत्रं झोपलेलं होतं. त्यानं हसत हसत त्याच्या पोटात लाथ घातली आणि तसाच हसत आम्हाला नमस्कार केला. सरांचा चेहरा उतरला.

"वळखलं मी त्याले," ते म्हणाले.

"मग नाही म्हणा की!"

ते उठून बाहेर गेले. आले तेव्हा सदरा छातीपर्यंत ओला होता. मुलीला म्हणाले, "तुह्या मर्जीनं कर, शीतल." त्या वाक्याचा मला तेव्हा संताप आला होता आणि अजूनही येतो.

त्याच मुलाशी तिचं लग्न होऊन पाच वर्षं झाली, तेव्हा एका रविवारी मी सरांकडे गेलो होतो. शीतल चार दिवसांसाठी माहेरी आली होती. तिची तीन वर्षांची आरू भिंतीशी खेळत होती. सरांनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढायला हात वर केला. आरूनं झटकन कोपर डोक्यावर घेतलं आणि अंग चोरून बसली. रडली नाही, हूं की चूं केलं नाही. शीतल खाली बघत राहिली. कुणी काही विचारायची गरजच नव्हती.

तेवढ्यात दारात जावयाची मोटरसायकल थांबली. "चाल, उशीर होऊन राह्यला," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. शीतलनं मुकाट्यानं बॅग उचलली.

आणि सर ओरडले.

"बॅग ठेव खाली! माही लेक येनार नाही! पाय आत टाकला तं तंगडं मोडीन तुहं!"

तीस वर्षांच्या सोबतीत तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेजारीपाजारी गोळा झाले. जावई दोन पावलं मागं सरला, काहीबाही बडबडला आणि निघून गेला. शीतल बॅगेवरच बसली आणि हमसून रडू लागली. "हेच तवा काऊन नाही ओरडले, बाबा? एक डाव ओरडले असते तं मी थांबली असती." आरूला शोधलं तर ती कपाटामागं सापडली. चड्डी ओली झाली होती आणि डोळे आजोबांवर खिळले होते.

त्या दिवसापासून ती त्यांच्याजवळ गेली नाही. ती जेवायला बसली की सर स्वतःच ओसरीवर जाऊन बसायचे, तिला घास गिळता यावा म्हणून. मी म्हणायचो, येईल हळूहळू. ते म्हणायचे, "माही लेक वाचली ना? नात भेली तं भेली." पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नसत. दोन वर्षं ते असेच ओसरीवर बसले आणि गेल्या हिवाळ्यात गेले. अख्ख्या गावानं एकच सांगितलं, असा शांत माणूस पुन्हा होणे नाही.

परवा शीतलकडे गेलो होतो. आरू आता शाळेत जाते. सरांच्या फोटोकडे बोट दाखवून मी विचारलं, "आजोबा आठवतात का गं?"

"हाव," ती म्हणाली. "लय ओरडायचे."

एकदाच ओरडले होते गं बाळा, तेही तुझ्यासाठी, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ती फोटोपासून हातभर मागं सरकून उभी होती.