कातडीचा नमुना

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत एकच परिचर आहेत; ते चांदूर बाजारहून एसटीने येतात, तरी माझ्या आधी पोचलेले असतात. मी शिकवते तेव्हा ते पाठमोरे उभे राहून बाटल्या पुसतात. ऐकतात की नाही, कळत नाही. बोलणं तुटक. काहीही सांगा, "हो मॅडम", नाहीतर "पाहू".

त्वचेच्या थरांचा प्लास्टरचा नमुना मुलांची बोटं लागून लागून पांढरा पडला होता. विकत आणला तेव्हा तो गुलाबी होता. यंदा रंगवताना परिचरांनी बाही वर सारली, आपला काळासावळा हात नमुन्याशेजारी ठेवला आणि तोच रंग जुळेपर्यंत डब्यात काडी फिरवत राहिले.

वरचा थर झाला. मला आवडला. मी म्हटलं, "आता खाली रंग तयार करणाऱ्या पेशींचे ठिपकेही वाढवा. सावळ्या कातडीत जास्त लागतील."

ब्रश थांबला. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मॅडम, दरसाली तुमीच तं सांगता, गोऱ्याले अन् काळ्याले ह्या पेशी तेवढ्याच असते. आपल्या फक्त जास्त काम करून राहिल्या."