सरांच्या अक्षराचा फॉन्ट

भलं करायला जाऊन एखाद्याची वाट लावावी, ती माझ्यासारखीने.

आमची सोसायटी सानपाड्यातली, जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. गेटपाशी वॉचमनच्या केबिनशेजारी एक काळा फळा होता आणि तो वर्षानुवर्षं तिसऱ्या मजल्यावरचे सर लिहायचे. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सकाळी आंघोळ-पूजा आटोपली की रंगीत खडूंचा डबा घेऊन खाली यायचे. कधी सुविचार, कधी सत्यनारायणाचं आमंत्रण, कधी साधी सूचना. त्यांचा 'क' पोट सुटलेला, 'ल' एका पायावर उभा, वेलांटी टोकाशी गिरकी घेणारी आणि शिरोरेषा कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मधेच सैल पडलेली. 'गुरुवारी पाणी येणार नाही' हे सरांनी लिहिलं की पाणी न येण्याचासुद्धा आनंद व्हायचा.

मी अक्षरं काढून पोट भरते. जाहिरातींना, पोस्टरांना लागणारे फॉन्ट बनवते. असली अक्षरं रोज फडक्याने पुसली जातात, हे मला बघवेना. सरांना विचारलं. ते लाजले, "अगं, त्यात काय एवढं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून जरा जास्तच नटवून लिहायला लागले. वर्षभर मी फळ्याचे फोटो काढले, एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर कॉम्प्युटरवर गिरवलं. सरांच्या पंचाहत्तरीला सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर तो फॉन्ट दाखवला, तेव्हा टाळ्या थांबेनात. सर डोळे पुसत होते. मी स्वतःवर इतकी खूश, की त्याच भरात सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट तिथल्या तिथे टाकून दिला. कुणी मागितला नव्हता. नको तिथे शहाणपणा करायची माझी जुनी खोड.

पंधरा दिवसांत फळा गेला. त्या जागी काचेची पेटी आली आणि आत छापील कागद, सरांच्याच अक्षरात.

"सर, आता तुमी फक्त आराम करायचा," सेक्रेटरी म्हणाले. "या वयात जिन्याचं टेन्शन कशाला?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सर "बरं झालं" म्हणाले आणि डबा घेऊन वर गेले. मी तिथेच होते, हातात भाजीची पिशवी. पार्किंगवरून तास तास भांडणारी मी, पण त्या दिवशी तोंडातून ब्र काढला नाही. कारण माझं लक्ष त्या कागदाकडे होतं. छापल्यावर फॉन्ट किती सुरेख दिसतोय, हे मी बघत होते. आज सांगताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

पुढे मी तो फॉन्ट सगळ्यांसाठी खुला केला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, मिसळीच्या दुकानावर, उरणला जाताना एका हळदीच्या बॅनरवरही तो दिसला. मी प्रत्येक वेळी फोटो काढून सरांना पाठवायची. ते अंगठा पाठवायचे.

पाडव्याला श्रीखंडाची वाटी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. घरात सर आणि काकू दोघंच. काकूंचे गुडघे पार गेलेत, दोन वर्षांत त्या जिना उतरलेल्या नाहीत. सर खुर्चीत पेपर वाचत होते.

"बरी आलीस," काकू म्हणाल्या. "ह्यांनी आज फळ्यावर मोठी गुढी काढलीय म्हणे. तास-दीड तास खाली होते. मला निदान फोटो तरी आणून दाखव."

मी सरांकडे पाहिलं. पेपर खाली आला नाही. पेपर धरलेल्या बोटांना पिवळा खडू लागला होता.

फळा जाऊन पाच महिने झाले होते. एवढे दिवस हा माणूस रोज डबा घेऊन खाली जात होता, समोरच्या बागेत बसत होता आणि वर येताना बोटं माखून घेत होता. बागेतल्या बाकावर मी त्यांना कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं, आराम करतायत. मला मेलीला एवढंसुद्धा सुचलं नाही, की विचारावं.

"आणते हं काकू," म्हटलं आणि घरी आले. कॉम्प्युटरवर काळा फळा केला. त्यावर सरांच्या फॉन्टमध्ये नववर्षाच्या शुभेच्छा टाकल्या, खडूची भुकटी भुरभुरली, शेजारी गुढी काढली. वीस मिनिटांचं काम. वर जाऊन मोबाइल काकूंच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. सरांनी आता पेपर मांडीवर ठेवला होता. ते माझ्याकडे बघत होते आणि मी काकूंकडे.

"अहो, एक रेघ हललेली नाही," काकू म्हणाल्या. "कपबशी अजून वाजते तुमच्या हातात. मला वाटलं, गोळ्यांचा काही उपयोगच नाही. पण खडू धरला की हात कसा ठरतो बघा!"

फॉन्ट करताना फळ्याच्या फोटोंमधली हललेली प्रत्येक रेघ मीच माऊसने सरळ केली होती. खडू घसरला असेल, असं धरून चालले होते.

काकूंनी माझा हात धरला.

"खरंच ठरतो ना गं? तू तर रोज बघतेस."

"हो काकू," मी म्हणाले.