डाव्या खांद्यावरची थुंकी

खाटकाची पोर असल्यामुळे बुर्गी हाझेलबाखरला रक्तामांसाची किळस कधी आलीच नाही. दुकानामागे डुक्कर कापलं की रक्त बादलीत धरून हाताने ढवळत बसायचं काम तिचं. ढवळलं नाही तर रक्त गोठतं, मग त्याची सॉसेजं होत नाहीत. कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी ती ढवळायची आणि चर्चमधली स्तोत्रं गायची. तो आवाज भिंतीपलीकडच्या पाद्रीबाबांच्या कानावर गेला.

"हाझेलबाखर, हा गळा देवाने सॉसेजांसाठी दिलेला नाही," ते तिच्या बापाला म्हणाले.

"देवाने दिलाय तर शिकवणीही देवच भरेल?"

"अर्धी देव, अर्धी तुम्ही."

अशी बुर्गी ग्राझ शहरात गाणं शिकली आणि परत येऊन आपल्या ब्रुनाख गावच्या नाट्यगृहात ऑपेरा गायला लागली. व्हिएन्नाचं बोलावणं कधी आलं नाही. ब्रुनाखमध्ये मात्र ती राणी झाली, मोलकरीण झाली, क्षयाने कितीदा तरी मेली. दुसऱ्या दिवशी, बापामागे आई चालवत असलेल्या दुकानात मांस घ्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "काल काय सुरेख मेलीस गं बुर्गी! आमच्या ह्यांना तर रडू आवरेना." तिला हे कौतुक फार गोड वाटे. ते खरं होतं.

किळस होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

तिकडे ऑस्ट्रियात गाणाऱ्यांची एक रीत आहे. पडदा उघडण्याआधी एकमेकांच्या डाव्या खांद्यावरून 'तोय, तोय, तोय' असं तीनदा थुंकल्यासारखं करायचं. आपण बाळाला दृष्ट लागू नये म्हणून थू थू करतो, त्यातलाच प्रकार. थुंकायचं ते नुसतं तोंडाने, हवेत. आणि ज्याच्यासाठी थुंकले त्याने आभार मानायचे नाहीत. मानले की सगळी शुभेच्छा उलटते आणि थुंकणाऱ्याच्याच डोक्यावर बसते. म्हणून त्या विंगेत 'धन्यवाद' हा शब्द शिवीपेक्षा वाईट.

नाट्यगृहाचे संचालक डॉक्टर लाम्बर्गर मात्र खरोखर थुंकत. कांद्यात मुरवलेल्या माशाचा वास, त्यावर पेपरमिंट, आणि मग मानेवर कोमट ओल. त्यानंतर ते हाताचं चुंबन घेत. हाताला ओठ लावायचे नसतात, नुसतं वाकायचं असतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. लाम्बर्गरांचे ओठ हातावरून गोगलगाय गेल्यासारखे फिरत. कपडे चढवणारी ट्राउडल रुमाल घेऊन तयारच असायची.

"मान कर इकडे. आज फवारा जोरात होता."

"हळू बोल गं."

"मी डुकरं पाळलीत घरी. ती बरी म्हणायची."

बुर्गी हसायची आणि गायला जायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

मग एका जानेवारीत लाम्बर्गरांनी तिला खोलीत बोलावलं. कॉफी मागवली, केक कापला, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "बुर्गीबाई, तुम्ही म्हणजे या घराचा आत्मा! पण पुढच्या हंगामापासून आम्हाला तरुण गळे, ताजं रक्त हवंय."

"ताजं रक्त ढवळत राहावं लागतं, साहेब. नाहीतर गोठतं."

ते खो खो हसले. केकचा एक कण उडून तिच्या बाहीवर बसला. मग आवाज खाली आणून त्यांनी सौदा सांगितला. मे महिन्यातल्या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग होईपर्यंत तिने याची वाच्यता करायची नाही, नाहीतर वर्षाची तिकिटं घेणारे लोक ओरडतील. बदल्यात ते राजगायिकेच्या किताबासाठी व्हिएन्नाला तिचं नाव पाठवतील. राजे जाऊन काळ लोटला, पण हा किताब अजून सरकार देतं, आणि तिकडे किताब माणसाच्या थडग्याच्या दगडावरसुद्धा कोरतात.

बुर्गीला स्वतःसाठी त्याचं काही नव्हतं. पण तिची आई पंचाहत्तरीच्या पुढे गेलेली, अजून दुकानात उभी राहणारी. गावातल्या डॉक्टरीणबाई आणि वकिलीणबाई तिला आयुष्यभर 'ए खाटकीण' म्हणत आल्या होत्या. बुर्गीने शब्द दिला. किताबाचं तेवढं घरी सांगितलं, नोकरी जाणार हे नाही. आठ दिवसांत म्हातारी गिऱ्हाइकांना सांगू लागली, "राजगायिकेच्या आईच्या हातचं सॉसेज आहे, घासाघीस करू नका."

लाम्बर्गरांची किळस होतीच, आता हे ऐकून बुर्गीला स्वतःचीही वाटू लागली. रविवारी चर्चमध्ये तिने मारियामातेपुढे मेणबत्ती लावली, पण मागायचं काय ते तिला सुचेना. दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढंच ठरवून ती उठली.

मे महिन्यातला तो प्रयोग आला. विंगेत सगळी मंडळी जमलेली, वर्तमानपत्राचा फोटोवाला आलेला. लाम्बर्गरांनी दोन्ही हात पसरले.

"ही आमची बुर्गी! हिच्यावाचून या घराची कल्पनाच करवत नाही!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मग खांद्यावर वाकून म्हणाले, "तोय! तोय! तोय!"

ओल कॉलरच्या आत उतरली. मासा. पेपरमिंट. बुर्गीने रुमालासाठी मान वळवली नाही. त्यांच्याकडे सरळ बघून, मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली,

"धन्यवाद, डॉक्टरसाहेब."

कोरसमधल्या एकीच्या हातून पंखा पडला. लाम्बर्गर आधी लाल झाले, मग पांढरे, आणि अपशकुन टळावा म्हणून जवळचं लाकूड शोधून त्यावर बोटं आपटू लागले.

ट्राउडल कुजबुजली, "काढलं ना तुला?"

"मी काही बोलले का?"

"नाही."

"मग झालं तर."

पण नाटकवाल्यांना आणखी काय सांगावं लागतं? ज्या बाईला तिथे पुन्हा उभं राहायचंय ती हा शब्द तोंडातून काढेल का? मध्यंतरापर्यंत सगळ्या थिएटरला कळलं होतं. शेवटी लोक उभे राहून तिच्या नावाने ओरडत राहिले, आणि अभिवादनाला संचालक आले तेव्हा गॅलरीतून कोणीतरी लांब शिट्टी मारली; तिकडे शिट्टी म्हणजे हुर्यो.

व्हिएन्नाला नाव काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुर्गीने दुकानात आईला सगळं सांगितलं. म्हातारी सुरी पुसत राहिली.

"म्हणजे किताब गेला."

"गेला."

"आणि मी गावभर सांगून बसले. वकिलीणबाई आता दात काढतील."

"काढू देत."

म्हातारीने सुरी खाली ठेवली. मग एकदम म्हणाली, "मेला खरंच थुंकायचा? अंगावर?"

"दरवेळी."

"आणि तू मला आज सांगतेस?" तिने लेकीची हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवली. कानामागे कालचा रंग तसाच राहिला होता. म्हातारीने ॲप्रनचं टोक जिभेवर ओलं केलं आणि खसाखसा पुसायला लागली, लहानपणी चर्चला निघताना पुसायची तशीच.

"आई, शी!"

"गप उभी राहा."

बुर्गी उभी राहिली. या थुंकीची तिला किळस आली नाही.